दगडावर चढणाऱ्या गाडीची बाजू

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

विषय: बागेत रिमोटच्या गाड्या चालवणाऱ्या मोठ्या माणसांबद्दल आलेली तक्रार

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांमधे एका काकांनी लिहिलं होतं की सकाळी बागेत फिरायला जावं तर चाळिशीतले बाप्ये हातात रिमोट घेऊन खेळण्यातल्या गाड्या दगडांवर चढवत बसलेले असतात, वयाचं भान नाही, एकेका गाडीवर हजारो रुपये उडवतात आणि वर येणाऱ्या जाणाऱ्याची वाट अडवतात, एक गाडी तर त्यांच्या घोट्यालाच लागली. आता त्यात कुणाचं नाव नसलं तरी वर्णन आमचंच आहे, ती निळी टोपी मीच घालतो, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. राग अजिबात नाहीये, काकांचं निम्मं म्हणणं बरोबरच आहे, पण उरलेलं निम्मं साफ चुकलंय आणि ते माझ्या पोटापाण्याच्या धंद्याशी जोडलेलं आहे म्हणून गप्प बसवत नाही.

आधी चूक कबूल करतो. त्या दिवशी काकांच्या घोट्याला जी गाडी लागली ती आमच्याच ओळखीतल्या एका कॉलेजच्या पोराची होती. ती बॅशर प्रकारातली गाडी, म्हणजे ब्रशलेस मोटर लावून सुसाट पळवायची, उडवायची, आपटायची. असली गाडी जॉगिंग ट्रॅकवर काढणं हा शुद्ध गाढवपणा, त्याला आम्ही तिथंच चार शब्द ऐकवले आणि काका, तुमची माफी मागायला तो घरी यायला पण तयार आहे. पण आमची जी असते ती क्रॉलर, म्हणजे दगडांवर हळूहळू चढणारी. तिला फुल थ्रॉटल दिला तरी तुम्ही चालत चालत तिच्या पुढे निघून जाल, आवाज शिलाई मशीनपेक्षा कमी, धूर नाही वास नाही. एक वीतभर दगड चढायला कधी कधी ती दहा मिनिटं घेते आणि ती दहा मिनिटं आम्ही सगळे श्वास रोखून उकिडवे बसलेलो असतो, ते लांबून बघणाऱ्याला वेड्यासारखं दिसत असेल हे मला मान्य आहे.

मी नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या टूलरूममधे (कारखान्यांना लागणारे साचे आणि पार्ट धरून ठेवायची साधनं बनवतात तिथं) आहे, 19 वर्षं झाली. दिवसभर डाय, जिग, फिक्श्चर हेच. आमच्या शहरात सातपूरला खऱ्या स्कॉर्पिओ बनतात, ओझरला विमानं बनतात, आणि त्या दोन्हीच्या मधे हजारो लेथ मिलिंग फिरतायत, तर त्यातल्याच एकावर उभा राहणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन हातभर लांबीच्या ट्रकचा एक्सल खोलून बसला तर त्यात आश्चर्य काय आहे हे मला खरंच कळत नाही.

बरं हे प्रकरण नवीन पण नाही. जपानच्या तामिया कंपनीनं 1981 मधे टोयोटाच्या पिकअपचं दहाव्या भागाचं मॉडेल काढलं होतं, खालची चासी धातूची शिडीसारखी, पाटे लावलेले, आणि गिअरबॉक्स चक्क तीन गिअरचा. 1985 ला त्यांचा ब्रूझर आला. अलीकडे 2016 मधे ॲक्सिअलची एससीएक्स10 टू, 2017 मधे ट्रॅक्ससची टीआरएक्स4. ह्या टीआरएक्स4 मधे पोर्टल एक्सल आहेत, म्हणजे चाकाजवळ एक जादा गिअरची जोडी टाकून अख्खा एक्सल जमिनीपासून वर उचललेला असतो, मर्सिडीजच्या युनिमॉगला असतो तसाच. यातलं काहीच मुलांना दुकानात रडून मिळण्यासारखं नाही.

दहावा भाग म्हणजे काय ते पण सांगतो कारण घोडं इथंच पेंड खातं. लांबी दहावा भाग, रुंदी दहावा भाग, उंची दहावा भाग, म्हणजे वजन किती भाग? हजारावा. माझी गाडी आधी 2600 ग्रॅमची होती, म्हणजे खरी असती तर 2600 किलोची, बरोबर भरलेल्या जीपच्या आसपास. आणि तिच्यासमोरचा दीड फुटाचा दगड म्हणजे तिच्या हिशेबानं पंधरा फुटी कडा. आता सांगा खरी जीप पंधरा फुटी कडा चढेल का? ही चढते. चढते म्हणजे लगेच नाही चढत, ती चढावी म्हणून आपण काय काय करतो तोच तर सगळा छंद आहे, बाकी नुसतं चालवणं कुणालाही जमतं.

माझी गाडी म्हणजे एससीएक्स10 टू, सेकंडहँड, पुण्याच्या एका मुलाकडून घेतलेली. स्टीलची सी चॅनलची चासी, दोन्ही एक्सल कायमचे लॉक म्हणजे डावं उजवं चाक सारखंच फिरणार, मोटर 35 टर्नची ब्रशवाली. गाडी आली आणि मी नवीन माणूस जे करतो तेच सगळं केलं. दिसेल ते विकत घेतलं! टपावर कॅरिअर, कॅरिअरवर स्टेपनी, दोन जेरीकॅन, एक फावडं, पुढे एलईडीची पट्टी, निळ्या रंगाचे चकचकीत ॲल्युमिनियमचे लिंक (एक्सल चासीला जोडणारे दांडे), आणि सगळ्यात मोठा शहाणपणा म्हणजे 35 टर्नची मोटर काढून 21 टर्नची टाकली कारण व्हिडिओत कुणीतरी म्हणत होतं की पॉवर वाढते. पहिल्या वर्षात अकरा बारा हजार गेले असतील आणि गाडी होती त्यापेक्षा वाईट झाली.

मोटरचं असं असतं की टर्न म्हणजे आर्मेचरच्या प्रत्येक पोलवर तांब्याच्या तारेचे किती वेढे. वेढे कमी तर पळते जास्त पण खालचा जोर जातो, वेढे जास्त तर हळू पण दमदार. दगडावर पळायचंय कुणाला? म्हसरूळच्या बाजूला टेकडीच्या पायथ्याला आम्ही रविवारी जायचो, मे महिना, काळा कातळ तापलेला, त्यावर 21 टर्नची मोटर एका खाचेत चाक अडकवून घूं घूं करत राहिली, आणि मी थ्रॉटल सोडायच्या ऐवजी अजून दाबला. हात लावला तर बोट भाजलं, ब्रश जळल्याचा तो एक वास असतो ना मिक्सर जळल्यासारखा, तो आला. आता माझ्याकडे 55 टर्नची आहे, बॅटरी तीन सेलची, आणि ती मुंगीच्या पावलानं चढते. शिवाय थ्रॉटल सोडला की ईएससीमधला (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) ड्रॅग ब्रेक तिला उभ्या चढावर जागच्या जागी धरून ठेवतो, खऱ्या गाडीच्या हँडब्रेकसारखा.

पण मोटर ही नंतरची गोष्ट. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो की बाबा आधी टायर, मग वजन, मग स्टिअरिंगचा सर्व्हो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर), आणि मोटर सगळ्यात शेवटी. लोक बरोबर उलटं करतात. मीही केलं.

टायरचं थोडक्यात. कंपनीतून येणारे टायर बहुतेक कडक रबराचे असतात, आपल्या नाशकातल्या काळ्या दगडावर ते उन्हाळ्यात धुळीमुळे घसरतात आणि पावसात शेवाळामुळे. मऊ रबराचे घेतले की निम्मं काम झालं. आत हवा नसते, स्पंज असतो, आणि तो स्पंज मी कात्रीनं कडेकडेनं चांदणीसारखा कापला म्हणजे टायर दगडाच्या कंगोऱ्यावर दबून त्याला मिठी मारतो, नुसता टेकत नाही. चाक बीडलॉकचं घ्यायचं, म्हणजे टायर गोंदानं न चिकटवता रिंग आणि बारीक बारीक स्क्रूनं आवळायचा, मग पाहिजे तेव्हा उघडता येतो. एका चाकाचे स्क्रू मोजा आणि चारानं गुणा, आणि त्यातला एक जरी सोफ्याखाली गेला तर घरात काय होतं ते इथं लिहीत नाही.

आता वजन. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, संपादक साहेब, कापायचंच असेल तर मोटरचा पॅरा कापा पण हा ठेवा.

माझी गाडी सारखी उलटायची. सरळ चढावर मागे पालथी, आडव्या उतारावर कडेला आडवी. मला वाटायचं टायर खराब, शॉक खराब. एके दिवशी मुलगी म्हणाली, (ती सातवीत आहे) बाबा हिच्या डोक्यावर केवढं सामान आहे, आजी डोक्यावर हंडा घेऊन अशीच हलते. झालं. मी घरातली एक फळी घेतली, गाडी आडवी ठेवली, फळीला मोबाईल चिकटवला त्यातलं कोन मोजायचं ॲप चालू करून, आणि फळी हळूहळू उचलत गेलो. 39 अंशाला उलटली. कॅरिअर, स्टेपनी, जेरीकॅन सगळं काढलं. मग स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि शेजाऱ्यांचा एक असे दोन काटे घेऊन एकावर पुढची चाकं आणि एकावर मागची ठेवली. 2600 पैकी पुढे 1250. म्हणजे 48 टक्के. चढताना वजन आपोआप मागे जातंच, त्यात मुळातच गाडी मागे जड, मग पुढची चाकं दगडाला धरणार कशानं?

तर बॅटरी मागून काढून पुढे मोटरच्या शेजारी, शक्य तेवढी खाली आणली. आणि पुढच्या दोन चाकांच्या आत पितळेच्या रिंगा टाकायच्या ठरवल्या. विकत मिळतात, बाहेरून येतात, पण माझ्यासारख्यानं रिंग विकत घ्यायची म्हणजे सुतारानं पाट विकत घ्यावा तसं झालं. भंगारवाल्याकडं 45 एमएमच्या पितळी बारचा तुकडा मिळाला, वजनावर. (कंपनीचा माल नाही हां, आमचे साहेब तुमचा पेपर वाचतात.) दुपारच्या सुट्टीत आमच्या टर्नरनं तो चकमधे धरला, बाहेरून 42, आतून 28, रुंदी 15. घरी येऊन बसवली तर आत नकलला (चाक वळवणाऱ्या सांध्याला) घासते. दुसऱ्या दिवशी आतून 30. तरी स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टोकाला टेकते. तिसऱ्या दिवशी 32 केलं तेव्हा कुठं कागद सरकेल एवढी जागा राहिली, आणि टर्नर म्हणाला की भाऊ आता चौथ्यांदा आलात तर रिंग नाही नुसता भुसा नेऊ लागाल. आकडेमोड केली तर 42 आणि 32 मधलं क्षेत्रफळ गुणिले 15 म्हणजे जवळजवळ 8.7 घन सेंटीमीटर, पितळेची घनता साडेआठ, म्हणजे 74 ग्रॅम. काट्यावर ठेवली तर पहिली 74 आणि दुसरी 73. शाळेत घनता शिकवतात ना, ती ही. माझ्या मुलीनं ती वहीत नाही, काट्यावर बघितली.

आणि वजन चाकातच का तर ते स्प्रिंगच्या खाली असतं, गाडीच्या बॉडीबरोबर डोलत नाही, जमिनीला चिकटून राहतं. तेवढंच वजन बॉनेटवर टाकलं असतं तर पुढचं वजन वाढलं असतं पण उंचीपण वाढली असती, म्हणजे आगीतून फुफाट्यात. आता दोन काट्यांवर 2750 पैकी 1590 पुढे येतात, 58 टक्के. फळीवर 44 अंशाला उलटते. पाच अंश काही फार नाही वाटत वाचताना, पण दगडावर पाच अंश म्हणजे चढली आणि पडली यातला फरक. एक पैसा मोटरवर न घालता.

यातलंच अजून एक. मागच्या एक्सलमधे 30 आणि 8 दाताचे गिअर होते, ते काढून 33 आणि 8 चे टाकले. 30 भागिले 8 म्हणजे 3.75, 33 भागिले 8 म्हणजे 4.125, मागची चाकं पुढच्यापेक्षा साधारण नऊ टक्के हळू फिरतात. म्हणजे पुढची चाकं सतत थोडी ओढत राहतात, गाडी चढावर ताणलेली राहते, मागचं टोक पोटाखाली घुसत नाही आणि वळतेही लहान जागेत. सपाट रस्त्यावर टायर थोडे घासतात पण सपाट रस्ता आहे कुठं आपल्याकडं.

सर्व्होची गोष्ट ही माझ्या फजितीची. दोन दगडांच्या फटीत चाक अडकलं की स्टिअरिंग वळायचं नाही, म्हणून ऑनलाइन एका दुकानातून 35 किलोचा म्हणून सर्व्हो मागवला. 35 किलो म्हणजे आसापासून एक सेंटीमीटरवर तेवढं वजन उचलेल असा जोर. आला, बसवला, घरात फरशीवर झकास. दगडावर नेला तर चाक अडकलं की अख्खी गाडीच बंद, दोन सेकंदांनी परत चालू, परत बंद. मी रिसीव्हर (गाडीतला रिमोटचा सिग्नल पकडणारा डबा) बदलला, वायरी बदलल्या, रिमोटचे सेल बदलले, दुकानदाराला शिव्या दिल्या. शेवटी आमच्या ग्रुपमधल्या एका वायरमन दादानं मल्टीमीटर लावला आणि हसायला लागला. सर्व्हो अडकला की भसाभस करंट ओढतो, आणि ईएससीच्या आतला जो छोटा बीईसी रिसीव्हरला आणि सर्व्होला वीज पुरवतो त्याची तेवढी ताकदच नाही, व्होल्टेज पडतं, रिसीव्हर झोपतो. घरात एसी लावला की ट्यूब मिणमिणते तसं. बाहेरून एक वेगळा बीईसी लावला, 6 व्होल्टला सेट केला, विषय संपला. सर्व्हो मात्र 35 चा नव्हताच, नंतर उघडला तर आतले दोन गिअर प्लास्टिकचे निघाले, वर स्टीकर 35 चं. त्या दुकानानं पैसे दिले नाहीत, फोटो पाठवा म्हणाले, पाठवले, मग उत्तरच नाही. जाऊ दे.

शॉकमधलं तेल, लिंकची लांबी, यावर लिहीत बसलो तर तुमचा रविवारचा अंक पण पुरणार नाही.

पण बॉडीबद्दल दोन ओळी लिहायलाच पाहिजेत कारण ते खातं माझ्याकडे नाही. पारदर्शक लेक्झान प्लास्टिकची बॉडी येते, ती आतून रंगवायची असते, उलट्या क्रमानं, म्हणजे बाहेरून सगळ्यात वर जे दिसायला पाहिजे ते आतून सगळ्यात आधी मारायचं. मला हे डोक्यात बसेना, मुलीला एका मिनिटात बसलं. तिनं ती दिंडोरी पिंपळगावकडची द्राक्षाची पिकअप केलीय, खास जुनी, दारावर रंग उडालेला, हौद्यात आइस्क्रीमच्या काड्यांचे क्रेट, प्रत्येक क्रेटमधे मोहरीएवढे मण्यांचे घड, वर जुन्या छत्रीच्या कापडाची ताडपत्री आणि ती सुतळीच्या एका पदरानं बांधलेली. क्रेट पूर्ण भरलेले नाहीत बरं का, मणी फक्त वरच्या थराला, खाली थर्माकोल, कारण वजन वर नको हे आता तिलाच माझ्यापेक्षा जास्त कळतं. मागे काहीतरी लिहायचं होतं, ट्रकमागे असतं तसं. ‘सावकाश जा, दगड तिथेच आहे’ असं तिनं लिहिलं.

एक गंभीर गोष्ट, पालकांसाठी. ह्या गाड्यांच्या लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या म्हणजे मोबाईलसारखं लावून झोपून जायचं प्रकरण नाही. एका सेलचं व्होल्टेज भरल्यावर 4.2, त्याच्या वर नाही, आणि वापरताना 3 च्या खाली जाऊ द्यायचं नाही, ठेवून द्यायची असेल तर 3.8 च्या आसपास. बॅलन्स चार्जरच (सगळे सेल सारखे भरणारा) वापरायचा, समोर बसून. आम्ही मातीच्या कुंडीत ठेवून गच्चीवर चार्ज करतो. बॅटरी उशीसारखी फुगली तर ती संपली, तिला टोचायचं नाही दाबायचं नाही आणि घंटागाडीत तर अजिबात टाकायचं नाही, ई कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. बाकी चुका पैशाच्या असतात, ही चूक घराची आहे.

आता पैशाचं, कारण काकांचा मुख्य मुद्दा तो होता. स्वस्त नाहीये हे मी लपवत नाही. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी 2020 च्या बजेटमधे 20 टक्क्यांवरून 60 झाली, 2023 मधे 70 झाली, त्यामुळे बाहेरची गाडी आणि पार्ट दोन्ही महाग. पण त्याचा एक उलटा फायदा असा झाला की आमच्यासारख्यांनी पार्ट इथंच बनवायला सुरुवात केली. स्टिअरिंगचा रॉड वाकला तर मी 6 एमएमचा स्टेनलेसचा रॉड घेतो, दोन्ही टोकांना ड्रिल, एम3 च्या टॅपनं आटे पाडले, झाला. पोटाखालची स्किड प्लेट शीट मेटलवाल्याच्या कचऱ्यातून. शॉक चढवायचा ब्रॅकेट एका पोरानं थ्रीडी प्रिंट केला, तीनदा तुटला, चौथ्यांदा त्यानं थराची दिशा बदलली आणि टिकला. हे पोरगं डिप्लोमाला आहे, मागच्या सेमला त्याचा स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल हा विषय राहिला होता, आणि मला तो ब्रॅकेट का तुटला ते कागदावर काढून समजावत होता. काका, तुमच्या काळात सायकलचं फ्रीव्हील खोलून ग्रीस भरायचे ना, तसंच आहे हो हे.

आता मूळ भांडण, जागेचं. बागेतून आम्हाला काढलं ते बरोबरच झालं, तिथं चालणारी माणसं असतात. पण काढताना वॉचमननं फाटकावरच्या ‘वाहनांना प्रवेश बंद’ या पाटीकडे बोट दाखवलं, त्यावर मुलीनं विचारलं की मग पार्किंगची पावती फाडा, तर तो पण हसला. नदीकाठी सोमेश्वरला दगड छान आहेत पण गर्दी असते आणि पाणी कधी वाढेल सांगता येत नाही. पांडवलेणीला आम्ही गाडी कधीच नेत नाही आणि कुणी नेऊ पण नये, ते संरक्षित स्मारक आहे, दोन हजार वर्षांच्या दगडावर आमची रबरं घासायची गरज नाही. म्हसरूळच्या बाजूला जातो ते शहरातल्या पोरांना लांब पडतं, बरीचशी पोरं सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडची, बापाला सुट्टी असेल तरच यायला मिळतं.

तर मागणं एवढंच आहे. 2027 च्या सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात जिकडे तिकडे खोदकाम चालू आहे, रस्त्यारस्त्याला काळ्या दगडाचे ढीग पडलेत आणि ते डंपर भरून कुठंतरी नेऊन टाकतायत. त्यातले दोन डंपर, फक्त दोन, कुठल्याही पडीक मोकळ्या भूखंडाच्या कोपऱ्यात, तीस बाय चाळीस फूट पुरे, ओतून ठेवा. रचायचे आम्ही रचू. रंगरंगोटी नको, उद्घाटन नको, कोनशिला तर नकोच, आणि कुंपण घालायचं तर गाडी शिरेल एवढी खालून जागा ठेवा. लाइट नको, आम्ही सकाळी 7 ते 10 येतो आणि पोरांच्या आया बोलवायला लागल्या की जातो. वापरून झाल्यावर कुणाला तिथं काही बांधायचं असेल तर दगड परत डंपरमधे. यात महापालिकेचा खर्च उलट वाचतोय, डंपरला लांब जावं लागणार नाही. आम्ही अर्ज दिलाय, एका खिडकीतून दुसरीकडे पाठवलं कारण अर्जात विषय काय लिहायचा ते त्यांना कळेना, क्रीडा म्हणावं की उद्यान म्हणावं की वाहतूक. शेवटी एका ताईंनी ‘इतर’ असं लिहून शिक्का मारून दिला. त्याला आता साडेतीन महिने झाले.

आणि काकांना सांगा, घोट्याची सूज उतरली असेल तर एका रविवारी या. पत्रात त्यांनी लिहिलंय की ते बत्तीस वर्षं मेंटेनन्सला होते. आमच्या एका गाडीचा गिअरबॉक्स लोड आला की टकटक वाजतो, पिनिअनचं मेश (गिअरच्या दातांची जुळणी) दोनदा सेट केलं, बेअरिंग बदललं, तरी वाजतो, आणि कानानं ओळखणारा माणूस आमच्यात कुणी नाही.

आपला,
निळ्या टोपीवाला एक वाचक,
सिडको, नाशिक

ता. क. सोबत आमच्या पिकअपचा फोटो पाठवतोय. छापणार असाल तर पूर्ण छापा, कडेची काडेपेटी कापू नका, ती मुद्दाम ठेवलीय. मागच्या वेळी नुसता गाडीचा फोटो मेव्हण्यांना पाठवला होता तर त्यांचा फोन आला, पिकअप कितीला घेतली आणि लोन कुठून केलं.